साडेतीनला उठणारी सभा

भाऊबीज झाली की आमच्या वडशात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो तो पार होळीपर्यंत. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथेच, त्यामुळे गावोगावच्या मंडळांची माणसं तारीख ठरवायला वडशालाच येतात. माझं दुकान पोस्टर आणि पत्रिकांच्या डिझाइनचं. एका कंपनीला मी वर्डप्रेसवर वेबसाइटही करून दिली होती. कोणत्या गावी कोणत्या रात्री कोणतं नाटक आणि कोणत्या तारखा अजून रिकाम्या, एवढंच त्यात होतं. नेमक्या मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत कंपनीच्या मालकांचा फोन आला. "काहून जी, आपलं नाटक जपानले चाललं का?"

उघडून पाहिलं, तर कंपनीचं नाव शोधल्यावर गुगलवर जपानी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. एकीवर क्लिक केलं की बुटांची जाहिरात. मालक हसत होते, मी नाही. दोष माझाच होता. तारखांच्या नोंदणीचा एक प्लगइन विकत घ्यायचा होता. पैसे वाचवावे म्हणून मी तो कुठल्याशा साइटवरून फुकट उतरवून घेतला. कुलूप तोडलेला माल होता तो, आणि तोडणाऱ्याने जाताना आत आपला माणूस ठेवला होता. मी एक फाइल पुसायचो, सकाळी दोन नव्या दिसायच्या. लाकडाला वाळवी लागावी तसं.

ओळखीच्या ओळखीतून चंद्रपूरचा एक मुलगा फोनवर भेटला. दोन रात्री जागून त्याने साइट धुऊन दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "पैसे नको दादा, रविवारी चांद्याला या. आम्ही पाच-सात जण बसतो."

वडसा हे कित्येक वर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. गोंदिया-बल्लारशाह गाडीत बसलं की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टला उतरायचं. जिल्ह्याचं नाव चंद्रपूर होऊन जमाना झाला, स्टेशन अजून चांदाच म्हणतं आणि आम्हीही. जटपुरा गेटजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासची खोली रविवारी रिकामी असते, तिथे सभा. पंखा एक, एक्स्टेंशन बोर्ड तीन. मोहर्लीचा एक गाइड होता, त्याला मावशीच्या होमस्टेची साइट करायची होती. मूलचा एक शेती अवजारांचा दुकानदार. बल्लारपूरची एक मुलगी, जी घरी बसून परदेशी गिऱ्हाइकांच्या साइट सांभाळते आणि आमच्यात सगळ्यात जास्त जाणते. धानोऱ्याकडचे एक मध्यमवयीन गृहस्थ ग्रामसभांच्या कामातले, त्यांना सगळे दादा म्हणत. पहिला नियम मला दारातच सांगितला गेला: इथे आपला धंदा विकायचा नाही. वर्डप्रेसच्या जगभरच्या भेटींचा हाच नियम आहे, भेट सगळ्यांच्या फायद्याची, कोणा एकाच्या नाही. दुसरा नियम मात्र खास आमचा. साडेतीनला उठायचं.

मला वाटलं खोली तेवढाच वेळ मिळत असेल. तसं नव्हतं. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या बाजूने येणारे मोटरसायकलवर येतात, आणि तो सगळा रस्ता वाघाचा. दिवे लागायच्या आत घर गाठलं पाहिजे. पुण्या-मुंबईच्या अशा भेटी म्हणे संध्याकाळी सुरू होतात आणि नंतर सगळे जेवायला जातात. आमच्याकडे सभा किती लांबवायची हे वाघ ठरवतो. उन्हाळ्यात ऊनही ठरवतं. पारा सेहेचाळीसच्या वर चढला की आम्ही सकाळी साडेसातला बसतो आणि साडेदहाला पांगतो.

त्या पहिल्या रविवारी मी माझी जपानची कहाणी सांगितली. लाज वाटली, पण कोणी हसलं नाही. मूलच्या दुकानदाराच्या साइटवर तेच झालं होतं, फक्त भाषा वेगळी होती.

मग मी माझं खरं दुखणं काढलं. नाटकांचे सगळे जुने मजकूर माझ्याकडे कृतिदेव आणि श्रीलिपीत आहेत. छपाईला ते फॉन्ट उत्तम, पण तोच मजकूर साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. अनेक वर्षं मी यावर एक मूर्ख उपाय करत होतो: मजकुराचं चित्र करून चिकटवायचो. बल्लारपूरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "मग नाटकाचं नाव टाकून शोधलं तर सापडते का?" सापडत नव्हतं. चित्रातली अक्षरं गुगलला दिसतात कुठे तशी! तिने समजावलं की कृतिदेवमध्ये कॉम्प्युटरला मराठी माहीतच नसतं. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो. मजकूर बदलून घ्यायचं साधन तिने दाखवलं, रफार आणि पहिली वेलांटी कुठे चुकते तेही दाखवलं. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्त' फॉन्ट उतरवून दिला. त्या एका तासात माझी पुढची दोन वर्षं वाचली. यूट्यूबवर हे सगळं आहे, पण माझ्या फाइलीतला माझा चुकलेला रफार यूट्यूबला दिसत नाही.

चहा आला तेव्हा वाद पेटला, आणि तो मीच पेटवला. म्हटलं, "आमचे मालक म्हणतात, वर्डप्रेस फुकटाचं आहे ना जी, मग तुले पैसे कायचे? यावर काय सांगू?"

दादा धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला पुष्कळ राहिलेले. २००९ साली त्या गावाला अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. ते म्हणाले, "फुकट म्हणूच नका. सामायिक म्हणा. बांबू गावातल्या कोणीही न्यावा, नियमाने विकावाही. पण जंगल आपल्या नावावर करून घेता येत नाही. तुमचा तो परवाना तेच सांगतो ना?"

वर्डप्रेसचा परवाना, जीपीएल, तेच सांगतो. वापरा, उघडून पाहा, बदला, विका. पण बदललेलं दुसऱ्याला देताना त्यालाही तीच मोकळीक द्यावी लागते. मला उपमा पटली, तरी एक खोट दिसली. म्हटलं, "दादा, बांबू जास्त तोडला तर संपतो. हे कितीही वापरलं तरी तेवढंच राहते."

"संपते ना," बल्लारपूरची मुलगी म्हणाली. "सांभाळणारा माणूस संपतो." तिच्या एका गिऱ्हाइकाचा प्लगइन एकाच माणसाने वर्षानुवर्षं चालवला आणि एक दिवस त्याने हात टेकले. मग तिने मूळ गोष्टच सांगितली. वर्डप्रेसच्या आधी बी-टू नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते लिहिणारा मिशेल वाल्ड्रिगी थांबला. परवाना खुला होता म्हणून मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडचा माइक लिटल यांनी ते पुढे नेलं आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या शंभरातल्या चाळीसहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात.

मालकांना मी आता हेच सांगतो: जंगल सामायिक आहे, तोडून आणण्याची मजुरी माझी. पटतं. पूर्ण मजुरी मात्र अजून मिळत नाही!

बल्लारपूरची ती मुलगी नागपूरच्या वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या मोठ्या मेळाव्याला, जाऊन आलेली. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला, पुढे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरलाही झाले. तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवतात आणि बोलणाऱ्याला मानधन नसतं. २०२६ चा अख्ख्या आशियाचा वर्डकॅम्प मुंबईला ठरला ही बातमी आली तेव्हा आम्ही जाण्याचा हिशेब मांडला. रेल्वेने हजाराच्या घरात किलोमीटर आणि वर मुंबईतलं राहणं. हिशेबाचा कागद मूलच्या दुकानदाराने घडी करून खिशात घातला. नंतर तो विषय कोणी काढला नाही.

एका पावसाळी रविवारी आम्ही भाषांतराला बसलो. वर्डप्रेसमधल्या कुठल्याही वाक्याला मराठी शब्द कोणीही सुचवू शकतो, मान्य करायचा अधिकार भाषेच्या संपादकांचा. 'ट्रॅश'वर अर्धा तास गेला. 'कचरा' म्हटलं तर मूलवाले म्हणाले, कचऱ्यातून परत कोण काढते? आणि वर्डप्रेस तर तीस दिवस जपून ठेवतो, मगच पुसतो. गाइडने सुचवलं, 'उकिरडा', कारण उकिरड्यावरचं पुढे शेतातच जातं. सगळ्यांना एकदम पटलं, पण पाठवायचं धाडस कोणाला झालं नाही. बाकी एकोणीस वाक्यं पाठवली, त्यातली काही मान्य झाली. दादांनी आग्रह धरला होता की शब्दावर मतदान घ्यायचं नाही, मेंढ्यात घेत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं, नाही पटलं तर पुढच्या वेळी. त्यामुळे 'विजेट' अजून पडून आहे.

आमच्या सभेला नाव नाही, अध्यक्ष नाही, ती कुठल्या अधिकृत यादीतही नाही. महिन्यातला दुसरा रविवार. हंगामात मला दोनदा चुकवावी लागते. आर्मोरी, चामोर्शी, राजुरा, भद्रावती, कुठूनही या. येताना चार्जर, स्वतःची अडलेली साइट आणि कृतिदेवमधली एखादी फाइल आणा. मोटरसायकलने येणार असाल तर सकाळी लवकर निघा. साडेतीननंतर कोणासाठी थांबत नाही.