पहिला नंबर कुणाला?

२० फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त कॉलेजात मराठी विकिपीडियावर लेखनस्पर्धा आहे. मी परीक्षकांत. नियमांचा कागद आज हाती पडला : सर्वाधिक संपादने करणाऱ्यास प्रथम पारितोषिक. ग्रंथपाल मॅडमना लगेच फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, आकडा असला की पालक भांडायला येत नाहीत." तेही खरंच. पण तिथं एखादी वेलांटी सुधारून बदल प्रकाशित केला तरी एक संपादन, आणि घरी बसून लिहिलेला दीड हजार शब्दांचा लेख एकदम चढवला तरी एकच. हुशार मुलाला हे कळायला दहा मिनिटं पुरतील.

२२ फेब्रुवारी

रात्री प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झचं २००६ मधलं टिपण पुन्हा काढून वाचलं. विकिपीडियाचे जिमी वेल्स तेव्हा भाषणांतून सांगत की निम्म्याहून अधिक संपादनं जेमतेम ०.७ टक्के सदस्य करतात, म्हणजे ५२४ माणसं. विकिपीडिया लिहितो कोण, तर ही मूठभर मंडळी, असा त्याचा अर्थ. स्वार्ट्झने संपादनं मोजायचं सोडून दिलं. ॲलन आल्डा या नटावरचा लेख घेतला आणि तेव्हा त्यात शिल्लक असलेलं एकेक अक्षर कुणाचं, ते प्रोग्रॅम लिहून शोधलं. चित्र पालटलं. मजकुराचा मोठा भाग अशा लोकांचा निघाला की जे आले, आपल्याला ठाऊक होतं ते लिहून गेले. कित्येकांनी खातंसुद्धा उघडलेलं नव्हतं. नेहमीच्या मंडळींची हजारो संपादनं होती ती मांडणीची, वर्गांची, स्वल्पविरामांची.

त्या वर्षी तो विकिमीडियाच्या विश्वस्तपदाच्या निवडणुकीला उभा होता. हरला.

त्याचं मोजमाप मला पटतं, पण पुरतं नाही. एखाद्या संताच्या चरित्रात कुणीतरी घुसडलेले तीन खोटे परिच्छेद मी काढून टाकले, तर शिल्लक अक्षरांच्या हिशेबात माझ्या नावावर शून्य. मराठी विकीवर उत्पात आवरण्यात ज्यांच्या संध्याकाळी गेल्या, ते सगळे या हिशेबातून गळतात.

२४ फेब्रुवारी

बैठक. दुसरे परीक्षक संगणक शिकवतात. त्यांचं म्हणणं, संपादनं नकोत तर बाइट मोजू. मी फळ्यावर 'स्त्री' लिहिलं. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीही वेगळी चिन्हं. 'स्त्री'चे अठरा बाइट झाले. रोमन लिपीतल्या तेवढ्याच चिन्हांना सहा पुरतात. मराठी विकीपुरता सगळ्यांना एकच माप लागतं हे कबूल. पण दोन लिपींच्या विकिपीडियांची तुलना बाइटवर झाली की तराजू आधीच झुकलेला असतो. शिवाय बाइट मोजले की विशेषणं वाढतात. 'सुप्रसिद्ध', 'थोर', 'अत्यंत महत्त्वपूर्ण'. आधीच काय कमी आहेत!

चहा आल्यावर विषय निघाला तो स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा. सरांचं तिथं जुनं खातं आहे. तिथं उत्तराला पसंतीचं मत पडलं की १० गुण. प्रश्नाला पूर्वी ५ असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रश्नाचेही १० केले, तेही मागच्या सगळ्या मतांना लागू करून. रात्रीतून कित्येकांची जागा बदलली. काम तेच, माणसं तीच. मला तिथला एक नियम मात्र आवडतो : दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती द्यायची तर आपलाही एक गुण जातो. नाक मुरडायला पदरचे पैसे! उलट, दुसऱ्याच्या उत्तराखाली टिप्पणी करायलाच ५० गुण लागतात. चूक दिसते, सांगावीशी वाटते, पण तोंड उघडायची मुभा नाही. २००८ साली जे आले त्यांना सोपे प्रश्न रिकामे सापडले. त्यांच्या तेव्हाच्या चार ओळींच्या उत्तरांवर अजून मतं पडतात. आज आलेल्याने विचारावं तर 'हा प्रश्न आधीच झालाय'. सर म्हणाले, "मलाही मिळतात की अजून. झोपेत." आणि हसले.

२७ फेब्रुवारी

स्पर्धा झाली. लॅब गच्च. वीज गेली नाही.

१ मार्च

सगळे लेख तिघांनी वाचले. डोळे गेले. एका मुलीचं संपादन एकच : गावच्या बारवेवर लेख, वहीत लिहून आणलेला, दोन पुस्तकांचे पृष्ठक्रमांकासह संदर्भ. एका मुलाची यादी मात्र संपता संपेना. लेख एकही नाही. वर्ग नसलेली पानं शोधून प्रत्येकाला त्याने वर्ग लावलेत. फुगवलेला आकडा वाटून मी खुणा करत गेलो, आणि बहुतेक वर्ग अचूक निघाले. तालुक्यांत गल्लत नाही, नद्या धरणांत गेलेल्या नाहीत. हे काम कुणी करत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून होतं.

वाचून गुण द्यायचे म्हटलं तरी माझा कल बारवेकडेच झुकतो. मला दगड आवडतात, याद्या आवडत नाहीत. संगणकाचे सर नेमके उलटे. तिसऱ्या परीक्षक शुद्धलेखनाच्या. तिघांचे गुण तीन दिशांना.

४ मार्च

शेवटी दोघांना सारखी रक्कम आणि प्रमाणपत्रावर क्रमांकाऐवजी केलेलं काम लिहायचं, असं ठरलं. मॅडमनी मान्य केलं. दुपारी ऑफिसातून निरोप आला : वर्तमानपत्राला फोटो पाठवायचा आहे, पहिला क्रमांक कुणाचा ते कळवावं. मी दोन्ही नावं आडनावांच्या वर्णानुक्रमाने पाठवली. लगेच फोन आला, "म्हणजे वरचं नाव पहिलं ना?"