वाकलेली स्प्रिंग काय सांगते

कॉइल स्प्रिंगला सरळ उभं राहण्यासाठी फार थोडा आधार असतो. खाली ॲक्सलवरची वाटी, वर चासीची वाटी, मधे रबराचं पॅड आणि डोक्यावर गाडीचं वजन. दोन्ही वाट्या समोरासमोर आणि एकमेकींना समांतर असल्या तर स्प्रिंग सरळ दाबली जाते. एक वाटी कलली किंवा बाजूला सरकली की मधल्या वेढ्यांचं पोट फुगतं. उंची वाढवून आणलेल्या गाडीखाली शिरलो की मी आधी हे पोट कुठल्या बाजूला आहे ते बघतो. पुढे, मागे, डावीकडे की उजवीकडे, एवढं कळलं की अर्धा शोध संपतो. वाकलेली स्प्रिंग बहुतेक वेळा निर्दोष असते. तिच्या बसायच्या जागा हललेल्या असतात आणि दुरुस्ती तिथेच करावी लागते.

माझं गॅरेज नालवाडीत आहे, वर्धा शहराला अगदी लागून. पावसाळ्यात सेलू, समुद्रपूर, आर्वीकडच्या पांदण रस्त्यांवर कन्हार माती टायरला अशी धरते की चाक फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून शेतकऱ्यांची तरुण मुलं थार किंवा जिम्नी घेतात आणि दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, उंच करून आणतात. गाडी रुबाबदार दिसते. महिन्याभरात खालून टणटण आवाज सुरू होतो, स्टेअरिंग सैल वाटू लागतं, आणि एक दिवस गाडी धुताना कुणाचं तरी वाकलेल्या स्प्रिंगकडे लक्ष जातं. मग प्रश्न येतो, ‘काऊन जी भाऊ, स्प्रिंगच वाकडी देल्ली का त्याईनं?’

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे, त्यामुळे हा विषय तिच्यावर समजून घेणं सोपं जातं. २०२० पासूनच्या थारला मागे अखंड ॲक्सल आहे, पुढची चाकं मात्र स्वतंत्र हलतात. म्हणून तिच्या पुढच्या बाजूचं गणित वेगळं आहे.

अखंड ॲक्सल आर्मनी चासीला जोडलेला असतो. चासी वर गेली की आर्मचं चासीकडचं टोक वर जातं आणि आर्म तिरपा होतो. जिम्नीच्या पुढच्या बाजूला आर्म ॲक्सलला दोन बुशांनी घट्ट धरतो, त्यामुळे आर्म जेवढा फिरतो जवळजवळ तेवढाच ॲक्सलही फिरतो. आर्म ७०० मिलिमीटरचा धरला तर ५० मिलिमीटर उंचीमागे ॲक्सल सुमारे चार अंश फिरतो. त्याच्यावरची वाटी तेवढीच पुढे कलते आणि स्प्रिंगचं पोट पुढे येतं. पण खरा धोका पोटाचा नाही. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा थोडी मागे झुकलेली असावी लागते, त्या झुकावाला आम्ही कॅस्टर म्हणतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. ॲक्सल फिरला की कॅस्टर कमी होतो. पांदणीत वीसच्या वेगाने हे जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगाने गाडी रेषा धरत नाही, सतत हात सावरत राहावा लागतो. म्हणजे स्प्रिंगचं पुढे आलेलं पोट स्टेअरिंगबद्दल सांगत असतं. उपाय आर्मच्या टोकाला आहे: मध्य सरकवलेले कॅस्टर बुश किंवा योग्य कोनात बनवलेले आर्म. ॲक्सल मूळ कोनात आला की वाटी सपाट होते आणि स्प्रिंग आपोआप सरळ उभी राहते.

दोन्ही स्प्रिंगा एकाच बाजूला, समजा उजवीकडे, झुकलेल्या दिसल्या तर पॅनहार्ड रॉडकडे बघायचं. हा आडवा दांडा ॲक्सलला डावीउजवीकडे जाऊ देत नाही. त्याचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. ९०० मिलिमीटरचा दांडा पूर्ण आडवा असेल आणि चासी ५० मिलिमीटर वर गेली, तर ॲक्सल दीड मिलिमीटरही सरकत नाही. पण तोच दांडा आधीच ६० मिलिमीटर उतरता असेल, तर त्याच ५० मिलिमीटरमागे ॲक्सल पावणेपाच मिलिमीटर ओढला जातो, दांड्याच्या चासीकडच्या टोकाच्या दिशेने. म्हणून उंची वाढवायचं एकच किट एका गाडीत बिनबोभाट बसतं आणि दुसरीत त्रास देतं. हे मोजायला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडायचा, दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं, फरकाचा निम्मा म्हणजे ॲक्सल सरकलेला. लांबी बदलता येणारा रॉड बसवून तो मधे आणता येतो. तसं केलं नाही तर बम्प स्टॉपचा रबरी ठोकळा आपल्या जागेच्या बाजूला आपटतो आणि वेढे एकमेकांना घासतात. घासलेल्या जागी रंग जातो, पहिल्याच पावसात गंज धरतो आणि स्प्रिंग पुढे कधीतरी तिथूनच तुटते.

चारांपैकी एकच स्प्रिंग वाकडी असेल तर आर्म आणि रॉड यांना हात लावायचं कारण नाही. तिथे स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेत बसलेलं नसतं. चांगल्या बसवणीत टोक खाचेला टेकतं. ते खाचेवर चढलं असेल तर एका बाजूला वेढ्याच्या जाडीएवढा फरक पडतो आणि खड्ड्यात टोक उडी मारतं. टणटण आवाज तो. कधी रबराचं पॅड फाटलेलं असतं, कधी डावीउजवीची अदलाबदल झालेली असते. आपल्याकडे आणखी एक कारण सापडतं: कन्हार माती वाटीत भरते, उन्हात दगडासारखी घट्ट होते आणि टोकाला वर उचलून धरते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून, धुऊन, टोक खाचेत आणून बसवलं की काम संपतं. त्यासाठी नवा सुटा भाग लागत नाही.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती सांगतो. आर्मच्या टोकांतले रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेले असतात. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर घट्ट होते आणि आर्म हलताना रबर पिळवटतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबराची शांत स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरवली की बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात. ते गाडीला वर ढकलतात, उंची दोन्ही बाजूंना सारखी येत नाही, स्प्रिंगवर तिरपा जोर येतो आणि बुश काही महिन्यांत फाटतात. वर्ध्याच्या उन्हाळ्यात रबराचे हाल आधीच होतात. म्हणून बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचे. शोध घेतानाही पोट बघून, मापं लिहून झाली की माझं पहिलं काम हेच असतं: सगळे बोल्ट सैल करणं, गाडी बसू देणं, पुन्हा आवळणं आणि मग पुन्हा मोजणं. पुष्कळदा निम्मा वाकडेपणा इथेच जातो.

उंची मोजायची ती हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरमधल्या हवेचा फरक त्यात शिरतो. आणि माप सांगितलेल्या ५० मिलिमीटरपेक्षा जास्त आलं तर स्प्रिंग कुठल्या वजनासाठी बनली आहे ते विचारायचं. लोखंडी बम्पर आणि विंच धरून बनवलेली ताठ स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली घातली की गाडी हिशेबापेक्षा वर उभी राहते आणि आर्म-रॉडचे कोन तेवढेच बिघडतात.

मोजण्यावर माझा एवढा भर का, तेही सांगतो. या नालवाडीत १९३०च्या दशकात विनोबा भावे राहत होते. सूत कातून त्या मजुरीवर माणसाचं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतः कातून, हिशेब ठेवून पाहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथेच कातडी कमावण्याचं चर्मालय चालवलं. हातकाम करणाऱ्याने मोजमापही ठेवावं, हा धडा मला या गावाने दिला आहे असं मी मानतो. माझ्याकडच्या मुलांना मी पाना देण्याआधी वही देतो. चारही कोपऱ्यांची उंची, ओळंब्याची मापं, पोटाची दिशा, असं सगळं लिहिल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही.

गाडीवाल्याला दोन गोष्टी मी स्पष्ट सांगतो. पहिली, स्प्रिंगने उंची वाढवली तर बॉडी वर जाते, ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत तो गोळा फक्त मोठ्या टायरने वर जातो, तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. चाकोरीतल्या उंचवट्याला तोच घासत असेल, तर ५० मिलिमीटर उंच होऊन काही मिळत नाही. दुसरी, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल.

एवढं ऐकून काहीजण मूळ स्प्रिंगा परत बसवून घेतात, आणि ते काम मी सर्वांत आनंदाने करतो. पांदणीसाठी त्यांना चिखलाचे टायर, त्यांत थोडी कमी हवा आणि ओढायचा पट्टा पुरतो. बाकीच्यांची गाडी निदान हमरस्त्यावर सरळ चालावी, ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढू नये, ब्रेकची नळी आणि एबीएसची तार चाक पूर्ण खाली गेल्यावरही ताणली जाऊ नये, एवढं बघूनच मी किल्ली परत देतो. त्या गाडीतून पोरगा एकटा जात नाही, पिकासोबत घरची माणसंही जातात. नुसत्या आवाजावर ग्रीस लावून पैसे घेणं सोपं आहे. पण पोट का फुगलं हे शोधून मूळ जागा दुरुस्त करणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी आहे, आणि शिकाऊ पोरांनी माझ्याकडून दुसरं काही नाही तरी एवढं न्यावं.