रेणूचा पत्ता

जेम्स वेब दुर्बिणीच्या निअरस्पेक उपकरणातून गुरूचा चंद्र युरोपा पाहिला, तर चित्र म्हणून हाती फारसं काही लागत नाही. ३,१०० किलोमीटर व्यासाचं ते बर्फाळ जग रुंदीला दहाएक चौकटींत मावतं. पण प्रत्येक चौकटीत एक अख्खा वर्णपट असतो, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

युरोपावरून येतो तो परावर्तित सूर्यप्रकाश. म्हणून आधी सूर्याचा वर्णपट भागून टाकायचा. मग बर्फाच्या पसरट खाचा दिसतात आणि ४.२५ मायक्रॉनच्या आसपास एक अरुंद खाच, कार्बन डायऑक्साइडची. तो नसता तर आलेख कसा गेला असता, ती रेघ दोन्ही बाजूंच्या बिंदूंवरून ओढून खोली मोजायची. सगळी कसोटी या रेघेची. ती केसभर वर सरकली, की युरोपाच्या खात्यावर नसलेला कार्बन जमा होतो. मी ती नाना तऱ्हांनी ओढून बघते. कशीही ओढली तरी खाच टिकली, तरच तिच्यावर विसंबते.

खाच तशी जुनीच. गॅलिलिओ यानानं ती १९९०च्या दशकात टिपली होती. पण रेणूचं नाव कळून माझं समाधान होत नाही, मला त्याचा पत्ता हवा असतो. तो २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी दिला: युरोपावरचा तारा रेजिओ हा प्रदेश. तिथला बर्फ मोडून, उलथून पुन्हा गोठलेला आहे आणि हबल दुर्बिणीला तिथेच मिठाच्या खुणा सापडल्या होत्या. बाहेरून पडणारा कार्बन अशी नेमकी जागा निवडेल, हे मला पटत नाही. तो बर्फाखालच्या महासागरातून आला असावा. कोणत्या रूपात, हा प्रश्न उरतोच, कारण वर आलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर किरणोत्साराचा मारा होऊनही कार्बन डायऑक्साइड तयार होऊ शकतो. शुद्ध स्वरूपात तो तिथे उडून जाईल. म्हणजे कशात तरी अडकून बसलाय. खाचेला ४.२५ आणि ४.२७ अशी दोन टोकं आहेत, ती कदाचित दोन वेगळ्या आसऱ्यांची.

गुरूच्याच गॅनिमीड या चंद्रावरही पत्त्यानंच उलगडा केला. तिथलं हायड्रोजन पेरॉक्साइड ध्रुवांकडे एकवटलेलं आढळलं, कारण त्या चंद्राचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बर्फावर मारा करून ते घडवणाऱ्या भारित कणांना ध्रुवांकडे वळवतं.

आमची एक चौकट म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल, अवरक्त वर्णपटमापक घेऊन. मग जवळून पाहून तारा रेजिओतल्या नेमक्या कोणत्या भेगेत कार्बन आहे, हे विचारता येईल.