लादीभर बर्फ आणि बारा व्होल्ट

सत्तरच्या दशकात भिलाईहून सहलीला निघायचं म्हणजे आधी बर्फाची तजवीज करायची. अंथरुणं, स्टोव्ह, पत्त्यांचा जोड हे सगळं नंतर. बाबा पहिल्या पाळीवरून सुटले की सायकलने तसेच दुर्गला जात आणि बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात बांधून कॅरिअरवर आणत. अमोनियाच्या यंत्राने मिठाचं पाणी शून्याच्या खाली गार करायचं, त्यात साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांबट डबे बुडवून ठेवायचे आणि आतल्या पाण्याची लादी करायची, अशी तिथली पद्धत. लादी कडेला आरपार दिसे आणि मधोमध दुधाळ असे. पाणी बाहेरून आत गोठत जातं, हवा आणि क्षार मध्ये ढकलले जातात, म्हणून. बाबा तो दुधाळ भाग आधी फोडून आम्हा पोरांना चघळायला देत आणि आरपार दिसणारा घट्ट बर्फ सहलीसाठी राखून ठेवत.

लाकडी खोक्यात तळाशी आरागिरणीतला भुसा, त्यावर बर्फ, पुन्हा भुसा, वरून गोणपाट. या भुशाचा इतिहास मोठा आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरेक टन शाबूत होता. पुढच्या वर्षी मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ उतरला. ट्यूडरने पुढे जो धंदा वाढवला, तो भुशासारख्या फुकटात मिळणाऱ्या वस्तूच्या जोरावर. आमच्या खोक्यातला बर्फ मात्र मे महिन्यात दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ पाहत नसे.

पिण्याच्या पाण्याला बर्फ लागतच नसे, त्याला छागल होती. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला लाकडी बूच, जीपच्या बाहेर आरशाच्या दांडीला अडकवलेली. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. बाहेर लू जितकी कडक, तितकं छागलीतलं पाणी गार. भिलाईच्या कोरड्या उन्हाळ्यात तिच्याइतकं इमानी साधन दुसरं नव्हतं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र छागल निव्वळ ओली पिशवी होऊन राही.

आमच्या सहली ठरलेल्या. भिलाईच्या पोलाद प्लांटला ज्याचं पाणी येतं तो तांदुळा जलाशय, नाहीतर कवर्ध्याहून पुढे भोरमदेवचं देऊळ, आणि फार धाडस केलं तर चिल्फी घाटी चढून कान्ह्याचं जंगल. बर्फ थोडा, ऊन फार, म्हणून खाण्याचा क्रम आईने आधीच बांधलेला असे. पहिल्या दुपारी पोळी-भाजी आणि बर्फावरचं दही. रात्री तिखटामिठाच्या पुऱ्या. दुसऱ्या दिवशी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी, कारण पिठात पाणी नसलं की दशमी टिकते. शेवटी मेतकूट आणि चुलीवरचा आटवल भात. शेजारचं तेलुगू कुटुंब पुलिहोरा आणी, चिंचेने आणि तेलाने तो दीड दिवस सहज तग धरी. बंगाली काकू मुढीचा, म्हणजे कुरमुऱ्यांचा, डबा कधी विसरत नसत. देशभरातून लोक भिलाईला आले ते लोखंड-पोलाद घडवायला, पण वाऱ्यावर टिकणाऱ्या अन्नाचं केवढं ज्ञान त्यांच्या डब्यांतून इथे आलं! आणि इथल्या मातीतल्या लोकांकडे तर बोरे-बासी होतीच. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा आणि सकाळी कांदा-चटणीबरोबर खायचा. ज्या उन्हात अन्न नासतं त्याच उन्हात अंगाला गारवा देणारं हे खाणं. २०२२ च्या कामगार दिनी छत्तीसगड सरकारने बोरे-बासी खायचं जाहीर आवाहन केलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

या आठवणीत एक खुपणारी गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. आमच्या कान्ह्याच्या सहलींत आजोबा कधी नव्हते. ते इन्सुलिन घेत. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. घरी ती फ्रिजच्या दारात असे. जंगलात दुसऱ्या दिवशी बर्फ संपला की काय करायचं, याला उत्तर नव्हतं. बर्फावर थेट ठेवली तर गोठायची धास्ती, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी उपयोगाचं राहत नाही. ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात बाटली सांभाळणारे लोक होते, पण आजोबांना तो भरवसा वाटत नसे. ते सकाळी तांदुळ्याला येत, संध्याकाळी घरी परतत. वाघाच्या गोष्टी आमच्याकडून ऐकत. भुसा, छागल आणि दशम्या मला कितीही प्रिय असल्या तरी ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासा सोडायला माझं मन धजत नाही, त्याचं कारण हे.

आता मुलाच्या गाडीत मागे चाळीस लिटरचा फ्रिज असतो. वरून उघडणारा, पेटीसारखा, म्हणून झाकण उघडलं तरी जड थंड हवा आत बसून राहते. हा घेताना त्याने एक गोष्ट नीट पारखली. बाजारात कारसाठी म्हणून जे स्वस्त फ्रिज मिळतात, त्यातल्या बऱ्याचशांत कॉम्प्रेसर नसतो. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे पेल्टिए या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये दाखवलं. हे डबे त्या तत्त्वावर चालतात. बाहेरच्या हवेपेक्षा ते साधारण वीस अंश खाली जातात. महाबळेश्वरला तेवढं ठीक आहे. भिलाईत पारा ४४ वर असताना आत २४ अंश, म्हणजे दूध नासायला अगदी पोषक! इथे कॉम्प्रेसरवालाच हवा, तो या उन्हातही ४ अंश धरतो.

बाबांचं लक्ष भुशावर असे, मुलाचं बॅटरीवर असतं. कॉम्प्रेसर चालू असताना पंचेचाळीस-पन्नास वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअर. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. त्या हिशेबाने बाबांच्या सायकलवरच्या दहा किलोंच्या तुकड्यात जवळजवळ एक युनिट विजेइतकी उष्णता गिळायची ताकद होती. हा आकडा मी मांडून दाखवला तेव्हा मुलगा कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिला. गाडीच्या मूळ बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला तर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. त्यासाठी फ्रिजला राखण असते: बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की तो आपोआप बंद पडतो. गाडीच्या बॅटरीवर असेल तर ही राखण ‘हाय’वर, वेगळी लिथियम बॅटरी जोडली असेल तर ‘लो’वर. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग खड्ड्याखड्ड्याला ढिला होतो, तापतो, बारीक वायरमधून व्होल्ट गळतात आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज बंद पडतो. म्हणून मुलाने थेट बॅटरीपासून जाड वायर मागे आणली आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवला. दोन फ्यूज जादा, टेपने झाकणाच्या आत चिकटवलेले.

निगा राखायचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते आवडतं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज रिकामाच गार करायचा, आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी घरच्या फ्रिजमध्ये गार झालेली हवी. कोमट डबा ठेवला की सगळी वीज त्याच्या मागे जाते. जागा उरली तर पाण्याच्या गार बाटल्या कोंबायच्या. मुक्कामाला पोचल्यावर बंद गाडीत ठेवायचा नाही, सावलीत काढायचा, जाळीसमोर वीतभर मोकळी जागा सोडायची.

खरा शत्रू आमच्या भागातला मुरूम. कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ पंख्याच्या जाळीतून आत जाते आणि पात्यांवर, त्यामागच्या बारीक पत्र्यांवर साय धरते. उष्णता बाहेर पडेनाशी होते, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. परतल्यावर प्लग काढून मऊ ब्रशने, पत्रे न वाकवता, ती धूळ झाडते. आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसते, तळाचं बूच काढून पाणी जाऊ देते, झाकणाच्या रबराची घडी बोटाने उघडून आतले साखरेचे डाग साबणाने काढते. रबर चिकट राहिलं की फट पडते आणि फटीतून गारवा जातो. शेवटी झाकणाखाली नॅपकिनची गुंडाळी सारून ठेवते. घट्ट बंद केलेला फ्रिज महिन्याभरात कुबट वास मारतो, आणि तो वास दुधाला लागतो.

आई ऐंशीच्या पुढे गेली आहे. तीही आता इन्सुलिन घेते, भिलाईच्या सेक्टर ९ मधल्या हॉस्पिटलमधून आणलेलं. गेल्या उन्हाळ्यात ती चिल्फीला आली. ती विश्रामगृहाच्या खोलीत, आम्ही तंबूत. तिच्या औषधाची डबी फ्रिजच्या मधल्या टोपलीत, थंड भिंतीपासून दूर. नातवंडांनी उरलेल्या जागेत आइस्क्रीम, शीतपेयं आणि तीन तऱ्हेचं चीज भरलं होतं.

“एवढं सगळं कशाला रे? मग दशम्या कोण खाणार?” आई म्हणाली.

“आजी, आता दशम्यांची गरजच नाही.”

“गरज नसेल. मी केल्यात.”

दशम्या पहिल्याच दिवशी संपल्या. क्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशी काय संपवायचं, तिसऱ्यासाठी काय राखायचं, हा घराचा एकत्रित विचार आता कोणी करत नाही. ज्याला जे हवं ते तो झाकण उघडून घेतो, आणि प्रत्येक उघडझापीला कॉम्प्रेसर पुन्हा घुरघुरतो. याचं मला वाईट वाटतं. म्हणून मी नियम केला आहे: फ्रिजमध्ये औषध, दूध, दही आणि पहिल्या दिवसाची भाजी. बाकीचं जुन्या क्रमाने, डब्यांतून. मुलं कुरकुरतात, पण बॅटरी आता अर्धा दिवस जास्त चालते.

डिसेंबरात पुन्हा चिल्फीलाच जायचं आहे. तिथे थंडीत पहाटे गवतावर दव गोठतं, तेव्हा प्रश्न उलटा असतो: इन्सुलिन गोठू द्यायचं नाही. फ्रिज ५ अंशांवर लावून रात्री गाडीत न ठेवता आईच्या खोलीत ठेवायचा. बाहेर गारठा पडला तरी खोलीत त्याच्या जाड भिंती रात्रभर बाटली सांभाळतात आणि कॉम्प्रेसर जवळजवळ सुरूच होत नाही. आईने दशम्यांसाठी आताच बजावून ठेवलं आहे की या वेळी दुप्पट पीठ भिजवायचं.