रोजा तोडला की सोडला?

इंग्रजीत कठीण काय, असं विचारलं की लोक मोठमोठ्या शब्दांची नावं घेतात. माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात एकदा पाहिला की काम भागतं. घोळ घालतात ते 'ब्रेक'सारखे छोटे शब्द.

ब्रेक म्हणजे तोडणे, मोडणे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण गाडीचं ब्रेकडाउन झालं तर ती बंद पडते, माणसाचं झालं तर तो खचतो, आणि खर्चाचा ब्रेकडाउन मागितला तर बाबवार हिशोब द्यायचा असतो. ब्रेकअपमध्ये नातं तुटतं, ब्रेकथ्रूमध्ये अडलेली वाट मोकळी होते. डेब्रेक म्हणजे पहाट. नटाला 'ब्रेक अ लेग' म्हणतात ती शुभेच्छा असते, आणि क्रिकेटमधल्या लेगब्रेकने कुणाचा पाय मोडत नाही.

ब्रेकफास्ट तर रोजचाच. रात्रभराचा उपवास सोडणारं पहिलं खाणं.

माझी भाची इथेच अडली. तिने पहिला रोजा पूर्ण ठेवला आणि शाळेत रमजानवर इंग्रजी निबंध लिहिला. त्यात 'आय ओपन्ड माय फास्ट' असं वाक्य होतं. बाईंनी लाल रेघ मारून 'ब्रोक' केलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "मामू, रोजा तोडणं तर गुनाह आहे ना? मी तर मगरिबपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नव्हते!"

तिचं दुःख खरं होतं. घरी आम्ही उर्दूत रोजा 'खोलतो', मराठीत 'सोडतो'. 'तोडला' म्हटलं की वेळेआधीच काही खाल्लं असा अर्थ होतो. शेजारच्या घरातही एकादशीचा उपवास सोडतात. चुकून मोडला तर हळहळतात. इथे उर्दू आणि मराठी एका बाजूला आहेत. इंग्रजी दोन्हींना ब्रेकच म्हणते. रोजा पूर्ण झाला की मधेच सुटला, हे पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखायचं.

मग मी तिला अरबीकडे नेलं. 'इफ्तार' आणि सकाळच्या न्याहारीचा 'फुतूर' एकाच धातूतून आले आहेत, आणि त्या धातूचा मूळ अर्थ आहे फोडणे, दुभंगणे. म्हणजे जो शब्द आपण इतक्या आदराने उच्चारतो, त्याच्या पोटातही एक 'ब्रेक' आहेच. ती हसली आणि वाक्यापुढे 'ॲट सनसेट' लिहून मोकळी झाली.

बाईंची दुरुस्ती बरोबरच होती. पण आपली मुलं घरी उर्दू, गल्लीत मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. त्यांचं 'ओपन' हे अज्ञान नसतं, एका भाषेतला नेमका अर्थ दुसरीत नेण्याची धडपड असते. लाल रेघ जरूर मारावी, पण त्याआधी एकदा विचारावं, "बेटा, तुला काय म्हणायचं होतं?"