दोघांपुरतं घर, चार चाकांवर

मराठी माणसाला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं. आम्हा रायपूरच्या मराठी मंडळींचं गणित जरा वेगळं आहे. मुंबईचा समुद्र आमच्यापासून अकराशे किलोमीटरहून लांब, तर पुरीचा साधारण सहाशे किलोमीटरवर. म्हणूनच आमच्या घराघरांतल्या जुन्या अल्बममध्ये नऊवारी जरा वर धरून लाटेत उभ्या असलेल्या ज्या आज्या दिसतात, त्या बहुतेक पुरीच्या किनाऱ्यावरच्या असतात.

सदर बाजारातल्या लोकांना तर पुरी आणखीनच जवळची वाटते. सराफांच्या दुकानांच्या गजबजाटात इथे जगन्नाथाचं जुनं मंदिर आहे आणि आषाढात त्याचा रथही निघतो. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन मी याच बाजारातल्या घरात आले. खाली दुकान, वर घर. आमच्याकडे सराफांना लागणाऱ्या दागिन्यांच्या डब्या आणि मखमली पेट्या मिळतात. वर चार खोल्या आणि सात माणसं. मी घरूनच कंटेंट रायटिंगचं काम करते, तेही स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलावर.

माणसं सगळी प्रेमळ आहेत. पण अशा घरात नवरा-बायकोला भांडायचं असलं तरी कुजबुजत भांडावं लागतं, आणि कुजबुजत केलेलं भांडण कधी नीट संपत नाही. आम्हा दोघांना मोठी सहल नको होती. तीन-चार दिवस, फक्त आपण दोघं आणि समोर समुद्र, एवढंच हवं होतं.

कॅराव्हान नाही, तर ईको सही

कॅराव्हान म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि शक्यतो टॉयलेटचीही सोय असलेली गाडी. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. पण अशी गाडी भाड्याने घेणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं आणि विकत घेणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं.

घरात एक ईको होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. म्हणून आम्ही काही कापलं नाही की वेल्डिंग केलं नाही. मागची सीट पुढे दुमडायची आणि ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेल्या दोन प्लायवूडच्या पेट्या मागे ठेवायच्या. पेट्यांमध्ये सामान, वर फळी, फळीवर सहा फुटांची गादी. परत आल्यावर दहा मिनिटांत सगळं बाहेर आणि गाडी पुन्हा घरच्या कामाला. खिडक्यांना आतून चिकटवायची मच्छरदाणीची जाळी, वीस लिटरचा नळ असलेला जार, चार्जिंगचा पंखा, एका बर्नरची शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर. एवढाच आमचा संसार.

शेजारच्या काकूंनी गच्चीवरून तो बघितला आणि हिंदीत विचारलं, "होटल का पैसा नहीं है क्या बेटा?"

परवानगी देवाच्या नावाने

"आम्ही दोघं जरा फिरून येतो" हे वाक्य आमच्या घरात बोलणं सोपं नाही. कुठे, कशाला, आणि मग नणंदेला का नेत नाही, असे प्रश्न लगेच येतात. पण "पुरीला दर्शनाला जातो" म्हटल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदम मऊ झाल्या. "देवाला जाताय तर जा. येताना खाजा आणा, आणि महाप्रसाद खाल्ल्याशिवाय निघू नका." खाजा ही पुरीची प्रसिद्ध पदर सुटलेली मिठाई, आणि ती प्रवासात टिकतेही.

दर्शन तर आम्ही घेतलंच. सिंहद्वारासमोरचा उंच अरुणस्तंभ मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिराचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो पुरीला आणून उभा केला गेला. तेव्हा ओडिशावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि आमचं रायपूरही त्यांच्याच ताब्यात होतं. नागपूर, रायपूर, पुरी ही वाट मराठी माणसाला नवी नाही, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं.

महानदीला तीनदा ओलांडून

डिसेंबरातल्या एका पहाटे चारला आम्ही निघालो. आरंगच्या पुढे महानदी लागते, संबलपूरला पुन्हा भेटते आणि कटकला तिसऱ्यांदा. ती उगम पावते आमच्याच धमतरी जिल्ह्यात, सिहावाजवळ, आणि सुमारे साडेआठशे किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आमच्याकडचं पाणीही समुद्रालाच निघालेलं असतं, फक्त त्याला परवानगी लागत नाही, असं मी म्हटलं तेव्हा नवरा पोट धरून हसला.

सरायपालीपर्यंत गाडी मी चालवली. घरच्या गल्लीत मी स्टिअरिंगला हात लावला की चार दुकानांतून सल्ले येतात. हायवेवर सल्ला देणारं कोणी नव्हतं. नवरा शेजारी बसून शेंगदाणे सोलत होता आणि माझ्या तोंडात देत होता.

दुसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, आम्ही पुरीहून चिलिका सरोवराच्या काठावरच्या सातपाड्याला गेलो. तिथून जान्हीकुडापर्यंत गाड्या नेणारी फेरीबोट आहे. आमची ईको मोटरसायकली आणि भाजीच्या टोपल्यांच्या मधोमध उभी राहिली. रत्नागिरीच्या मावशीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "ही तर आमची दाभोळची जंगलजेटी!" सातपाड्याच्या आसपास इरावडी डॉल्फिन असतात. आम्हाला फक्त एक काळपट पाठ दिसली, पण तेवढ्यावर आम्ही पुढचे दोन तास बोलत होतो.

पुढे ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आम्हाला ती काही दिसली नाहीत. पण उजेडाने कासवं आणि त्यांची पिल्लं बिथरतात, म्हणून त्या भागात किनाऱ्याकडे हेडलाइट किंवा टॉर्च मारू नये, हे गाडीने फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

रात्र कुठे काढायची

हा प्रश्न मला सगळ्या मैत्रिणी विचारतात, आणि तो योग्यच आहे. इन्स्टाग्रामवर गाडी थेट लाटांसमोर उभी दिसते. आम्ही तसं कधीच केलं नाही. वाळूत चाकं रुततात, भरतीचं पाणी कधी वर येईल सांगता येत नाही आणि रात्री सामसूम किनारा दोघांसाठी सुरक्षितही नसतो. आम्ही आधी फोन करून लहान लॉजच्या आवारात गाडी उभी करायची परवानगी घेतो. आवाराचे आणि बाथरूमचे पैसे देतो. बाईमाणसाला स्वच्छ टॉयलेट जवळ असणं ही कॅराव्हान प्रवासातली पहिली गरज आहे, सूर्योदय दुसरी.

आणखी एक गोष्ट. उकडतं म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपेत तो जीव घेतो. शेगडीही गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच पेटवायची. पुरीचा समुद्र ओढाळ आहे, त्यामुळे पाण्यात उतरताना तिथले नोलिया, म्हणजे किनाऱ्यावरचे कोळी जीवरक्षक, काय सांगतात ते ऐकायचं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जायचं असेल तर हवामान खात्याचा अंदाज बघूनच निघायचं. हा किनारा वादळांचा आहे. 2019 च्या मे महिन्यात फनी चक्रीवादळ पुरीजवळच धडकलं होतं.

पोहे कोणी केले?

आता खरं सांगायचं ते.

पहिल्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा नवरा गाडीबाहेर पोहे परतत होता. मोहरी तडतडलेली, कांदा बारीक चिरलेला, वर लिंबूसुद्धा. मी बघतच राहिले. पुण्यात शिकत असताना तो तीन वर्षं खोली करून राहिला होता आणि रोज स्वतः रांधत होता, हे मला लग्नानंतर दीड वर्षाने, एका लॉजच्या आवारात कळलं! चारही दिवस नाश्ता त्याने केला आणि भांडी दोघांनी मिळून घासली.

परतताना बरगढजवळ एका ढाब्यावर थांबलो होतो. मी विचारलं, "अरे, उद्या सकाळचा चहा कोण करणार?"

तो हसला. "घरी? आईसमोर?"

"हो, आईसमोरच."

"अगं, तिला कसं वाटेल?"

"आणि मला कसं वाटतं?"

पिथौरा येईपर्यंत तो गप्प होता. मीही विषय वाढवला नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. जर काम चार भिंतींच्या बाहेरच वाटून घ्यायचं असेल, तर ही गाडी म्हणजे माझ्यासाठी चार दिवसांची रजा ठरेल आणि बाकी वर्ष होतं तसंच राहील. त्याला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. आपल्या माणसांनी बघितलेलं त्याला चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा मीच केला. तिसऱ्या दिवशीही. फेब्रुवारीतल्या सहलीनंतर मात्र एका रविवारी तो स्वतःहून उठला आणि ओट्याशी गेला. आई देवपूजा करत होत्या. भांड्यांचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "सुनेला बरं नाही का रे?"

"बरी आहे. काम करतेय तिचं. आज चहा मी करतोय."

आई काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या आणि कप ठेवताना म्हणाल्या, "साखर जास्त झालीय." मला वाटलं, आता संपलं सगळं. पण पुढच्या रविवारी त्यांनीच आतून हाक मारली, "माझ्या कपात साखर कमी घाल." सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. बाबा अजून त्या वेळी पेपरातून मान वर काढत नाहीत आणि कधी पाहुणे आले की नवऱ्याचे पाय आपोआप बैठकीकडे वळतात. पण रविवारचा चहा आणि आठवड्यातला एक स्वयंपाक आता त्याचा आहे.

खर्चाचं बोलायचं तर

सुतारकाम, गादी, जाळी, शेगडी, सिलिंडर धरून आम्हाला एकदाच साडेअकरा हजार रुपये लागले. पुरीच्या जाण्यायेण्याला आणि तिथल्या फिरण्याला मिळून सुमारे 85 लिटर पेट्रोल लागतं, शिवाय टोल. नुसता प्रवास बघितला तर दुर्ग-पुरी एक्स्प्रेस यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमची बचत होते ती खोलीच्या भाड्यात आणि बाहेरच्या खाण्यात. एका दमात सहाशे किलोमीटर चालवायची सवय नसेल तर संबलपूरला मुक्काम करा. आणि निघण्याआधी, कोण काय करणार याची यादी दोघांनी बसून करा. पाण्याचा जार कोण भरणार, पांघरुणं कोण घडी करणार, भाजी कोण चिरणार. ही यादी बायको एकटीच डोक्यात घेऊन बसली असेल तर तिचं स्वयंपाकघर फक्त समुद्राकाठी हललेलं असतं.

मागच्या महिन्यात मी तिसऱ्या सहलीचं सामान काढत होते. आई पेटीवर बसल्या, गादी हाताने दाबून बघितली आणि म्हणाल्या, "तुझे बाबा आणि मी, दोघंच असे कुठे गेलोच नाही गं. आधी सासूबाई होत्या, मग मुलं, मग दुकान." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्यांची पाठ दुखते, त्यामुळे फळीवर झोपणं त्यांना जमणार नाही. तेव्हा आमची सहल आम्ही पुढे ढकलली आणि त्या दोघांचं पुरीचं रेल्वेचं तिकीट काढलं. खोली समुद्राच्या बाजूची घेतलीय. तीन दिवस दुकान नवरा बघेल, घर मी आणि नणंद मिळून बघू. बाबा आधी "दुकान सोडून कसं जायचं?" म्हणत होते. काल मात्र त्यांनी कपाटातून जुना कॅमेरा काढून त्याचे सेल बदलले. आईंनी बॅगेत दोन जास्तीच्या साड्या ठेवल्यात, भिजल्या तर असाव्यात म्हणून.