परतीचा दोर शाबूत ठेवा!

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, आधी हे ऐका!

गुहागरला काकांच्या माळ्यावर एक रास्पबेरी पाय आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर! परसातल्या पर्जन्यमापकाची वायर त्याला जोडलेली आहे. मापकात एक इवलासा सी-सॉ असतो, ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की टिक करून पलीकडे कलंडतो, आणि पाय ती टिचकी मोजतो. २०१८ साली दादाने हे सगळं लावलं, आणि मग तो नोकरीसाठी परदेशी गेला, आणि मग या पेटीची देखभाल माझ्याकडे आली. मी शाळेत भूगोल शिकवतो. लिनक्सचं माझं शिक्षण म्हणजे गेले तीन आठवडे!

तर काकांनी नवा राउटर आणला. म्हणजे वायफायचं नाव नवं, पासवर्ड नवा, आणि तो पायला सांगायचा पुण्यात बसून! एक अक्षर चुकलं की पेटी गप्प, आणि मग कुंभार्ली घाट उतरून गुहागर गाठायचं, तेही जुलैच्या पावसात.

"काका, जुना राउटर काढू नका हं अजून!"

"नाही काढत रे. पण आठवण ठेव, दोन-दोन दिवे लुकलुकतायत इथे."

दादाने फोनवर एकच शब्द सांगितला: टीमक्स. आपली लाइन तुटली तरी तिकडचं काम चालूच ठेवणारा छोटासा प्रोग्राम. बसवायला गेलो तर ४०४! पुन्हा केलं, पुन्हा ४०४! पेटीवर रास्पबियन स्ट्रेच, २०१७ सालची आवृत्ती, आणि तिची पॅकेजं नेहमीच्या जागी राहिलेलीच नाहीत. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं! कुणीतरी ती सगळी जपून ठेवलीत! लेगसी डॉट रास्पबियन डॉट ऑर्ग या पत्त्यावर जुन्या आवृत्त्या अजून जशाच्या तशा आहेत. 'सोर्सेस डॉट लिस्ट' नावाच्या फाइलीत एका ओळीतला पत्ता बदलला, आणि मग अक्षरं भराभरा वर सरकायला लागली, आणि मग टीमक्स बसलं! आणि नावं तरी बघा! स्ट्रेच हा 'टॉय स्टोरी'तला जांभळा ऑक्टोपस. पुढच्या आवृत्त्या बस्टर, बुल्सआय, सगळ्यांची नावं तिथलीच. रास्पबियनचं मूळ असलेल्या डेबियनची कायम कच्ची असणारी आवृत्ती 'सिड', म्हणजे खेळणी मोडणारा तो शेजारचा पोरगा! किती चपखल!

मात्र त्या जुन्या कपाटात नव्या सुरक्षा-दुरुस्त्या येत नाहीत. म्हणून आमची पेटी इंटरनेटवर उघडी नाही. ती स्वतःच बाहेर जोडणी करते, आणि त्याच बोगद्यातून मी उलटा आत शिरतो. नवी आवृत्ती घालायचीच आहे, पण ती दिवाळीत, समोर बसून.

आता खरी गंमत! वायफायच्या फाइलीची आधी प्रत काढली. मग टीमक्समध्ये पेटीला सांगून ठेवलं: ६०० सेकंद थांब, मग जुनी फाइल परत जागेवर ठेव आणि रीस्टार्ट हो. कळलं ना? मी चुकलो तर दहा मिनिटांनी पेटी आपणहून जुन्या राउटरवर परत येणार! परतीचा दोर कापायचाच नाही, उलट तो आधी बांधायचा आणि मगच कड्यावरून उतरायचं!

नवं नाव लिहिलं. पासवर्ड तीनदा वाचला. एंटर!

स्क्रीन गोठली. एक मिनिट. दोन मिनिटं. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो, आणि मग पुन्हा जोडून पाहिलं, आणि मग पेटीने ओ दिली! नव्या राउटरवरून! आत गेलो, टीमक्स उघडलं, आणि घड्याळ तिथे तसंच, शांतपणे सेकंद मोजत बसलेलं! कंट्रोल-सी दाबून ते थांबवलं तेव्हा माझी बोटं थरथरत होती.

"काका, काढा जुना राउटर!"

"झालं? मग चहा घे आता."

तुमच्याही एखाद्या शेतात, टाकीवर, शाळेच्या गच्चीवर अशी पेटी असेल ना? मग आज रात्रीच तिच्यात टीमक्स बसवा. आणि नेटवर्कला हात लावण्याआधी, अगदी एका अक्षरापुरतासुद्धा, तो दहा मिनिटांचा दोर बांधा!

आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत गुहागरहून ११४ टिचक्या आल्या. २२.८ मिलिमीटर.